सर्टिफिकेटवर फुकटचा आळ

आरएसए सर्टिफिकेट लावलेला सर्व्हर म्हणजे कालबाह्य सर्व्हर, असा एक पक्ष हल्ली मोठ्या ठसक्यात मांडला जातो. सर्टिफिकेट आरएसएचं, म्हणजे किल्लीची देवाणघेवाणही आरएसएनेच. उद्या खासगी किल्ली चोरीला गेली की आजवरचं सगळं संभाषण उघडं. सबब ईसीडीएसए सर्टिफिकेट घ्या आणि निर्धास्त झोपा. यातला झोपेचा सल्ला तेवढा निरुपद्रवी आहे.

सर्टिफिकेट फक्त समोरचा सर्व्हर कोण याची ग्वाही देतं. सत्राची किल्ली कशी ठरायची, ते टीएलएस १.२ मध्ये सायफर सूट सांगतो, आणि तो नावातच सांगतो. ‘ईसीडीएचई-आरएसए’ यातला पहिला भाग देवाणघेवाणीचा, दुसरा सहीचा. सर्व्हर तात्पुरती किल्लीजोडी तयार करतो, तिच्या सार्वजनिक अर्ध्यावर आरएसएने सही करतो आणि काम झाल्यावर ती टाकून देतो. पुढे सर्टिफिकेटची किल्ली चोराला मिळाली, तर तो सर्व्हरचं सोंग आणू शकेल. टिपून ठेवलेलं जुनं संभाषण मात्र त्याला उलगडणार नाही; हीच फॉरवर्ड सिक्रसी. धोका होता तो सत्राचं गुपित थेट आरएसएने कूटबद्ध करून पाठवण्याच्या रीतीत. १९९८ साली ब्लायखेनबाखर यांनी दाखवलेला हल्ला याच रीतीवरचा, आणि २०१४ च्या हार्टब्लीड त्रुटीत किल्ल्या गळू शकतात हे दिसल्यावर जुन्या संभाषणांबद्दल धाबं दणाणलं तेही हिच्यामुळेच. उलट २००६ च्या आरएफसी ४४९२ मध्ये सर्टिफिकेटमधलीच कायमची ईसी किल्ली देवाणघेवाणीला वापरणारे सूटही होते. म्हणजे सर्टिफिकेट अगदी यांच्या पसंतीचं, आणि फॉरवर्ड सिक्रसी शून्य! यावर हा पक्ष मौन पाळतो. किल्ली २०४८ बिटांची की ४०९६ ची, या जुन्या वादातही असंच झालं होतं: बिटांची मोजदाद जोरात, देवाणघेवाणीची चौकशी कुणालाच नाही.

ईसीडीएसएची सही छोटी आणि करायला स्वस्त, हे मान्य. पण तपासायला आरएसए हलकी. क्वांटम संगणकाची भीती घालाल, तर शोरच्या रीतीपुढे दोन्ही सारख्याच उघड्या.

मग करायचं काय? १.२ मध्ये सूट आणि सर्टिफिकेट यांचा मेळ घाला: आरएसए सर्टिफिकेट ठेवून फक्त ईसीडीएसएचे सूट चालू केले, तर जोडणीच होत नाही. हवी तर दोन्ही सर्टिफिकेटं लावा. सर्टिफिकेटच्या की-युसेजमध्ये डिजिटल सिग्नेचर आहे ना, ते बघा, आणि ईसीडीएचई सोडून बाकीच्या देवाणघेवाणी बंद करा. २०१८ च्या टीएलएस १.३ ने तर आरएसएची ती जुनी रीत काढूनच टाकली आणि सहीचा करार सूटपासून वेगळा केला. तिथे आरएसए सर्टिफिकेट आजही बिनतक्रार चालतं.