हिरडीखाली

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलला. त्या दिवसांत राजधानीत कुत्र्यांच्या दातांविषयी पुष्कळ बोलले गेले, पण ते सगळे चाव्याविषयी. ते दात दुखतातही, हे घरात कुत्रे पाळणाऱ्यांच्यासुद्धा ध्यानात नसते.

कुत्र्याला ४२ दात असतात, मांजराला ३०. दातांवर साचणारा बुळबुळीत थर काही दिवसांतच कडक होऊन त्याचे किटण बनते. आपल्याला दिसतो तो त्याचा पिवळा-तपकिरी भाग. खरे नुकसान हिरडीखालच्या फटीत चालते : तिथे जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. फ्लॅटमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या पग, शित्झू अशा आखूड तोंडाच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो, कारण एवढ्याशा जबड्यात दातांची दाटी झालेली असते.

वरच्या सुळ्याचे मूळ नाकाच्या पोकळीला लागून असते. तिथले पातळ हाड झिजले की तोंडातून नाकात वाट तयार होते आणि कुत्रे शिंकू लागते. नोव्हेंबरात दिल्लीची हवा धुराने भरलेली असताना शिंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात डोकावण्याचे कोणाला सुचणार? डोळ्याखाली सूज आली तर डोळ्यात थेंब घातले जातात. गळू असते ते अनेकदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी. आणि ‘खातोय की व्यवस्थित’ या समजुतीने तर किती दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढली जातात! मुके जनावर दात दुखत असतानाही खाते. एका बाजूने चावते, नाहीतर न चावताच गिळते.

गुरुग्राम-नोएडात केस आणि नखे कापण्याच्या जोडीला दात साफ करून देण्याची सोयही आता मिळते. तिथे नुसता ब्रश फिरवत असतील तर चांगलेच आहे. तो घरी रोज फिरवला तर आणखी चांगले. माणसांची पेस्ट मात्र वापरू नये, काहींतले झायलिटॉल कुत्र्याला विषासारखे असते. पण जाग्या जनावराला दाबून धरून हत्याराने किटण खरवडणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याने दात पांढरे दिसतात, मालकाचे समाधान होते आणि हिरडीखालचा रोग तसाच वाढत राहतो. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने, ‘वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशन’ने, आपल्या दंतविषयक मार्गदर्शक सूचनांत भुलीविना केलेल्या अशा सफाईला स्पष्ट विरोध केला आहे.

भुलीची भीती खोटी नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला टेबलावर निपचित पडलेले पाहवत नाही. पण रक्त तपासून, श्वासनळीत नळी घालून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिलेली भूल हाच या उपचाराचा पाया आहे. त्याशिवाय हिरडीखालच्या फटीची खोली मोजता येत नाही, एक्स-रे काढता येत नाही, खरवडताना उडणारे पाणी फुप्फुसात जाण्यापासून रोखता येत नाही. मांजरांत दात विरघळत जाण्याचा एक वेदनादायक आजार आढळतो. त्याचा पुरता अंदाज एक्स-रेशिवाय येत नाही आणि तो सफाईने बरा होत नाही. बहुधा दात काढावाच लागतो.

१९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज इतरांना पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. हिरडीला हत्यार लावणे हा उपचारच आहे, शृंगार नव्हे, असे दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या पशुवैद्यक परिषदांनी एकदा स्वच्छ शब्दांत जाहीर करावे. तोवर मालकानेच विचारले पाहिजे : एक्स-रे काढणार का, भूल कोण देणार, जनावर शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण थांबणार?

आणि त्या ऑगस्टमधल्या कुत्र्यांचे काय? सुधारित आदेशानुसार, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचे होते. नसबंदीसाठी भूल दिलेली असतेच. त्या वेळी ओठ उचलून तोंडात पाहायला एक मिनिट लागते. एखादा पू झालेला, हलणारा दात दिसला, तर तो त्याच भुलीत काढून टाकता येईल.