टीव्हीवरचे चाक फिरते ते कशामुळे?



मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या धाब्यांवर अँटेना दिसू लागले. चित्रात मुंग्या आल्या की घरातले एखादे पोर वर चढे, अँटेना फिरवी आणि खालून सगळे ओरडत, 'आलं, आलं... गेलं!' दोष कुठे आहे हे तेव्हा डोळ्यांना दिसे. अँटेना वाऱ्याने हलला असेल, वर कावळा बसला असेल, वायर सुटली असेल. आता मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी चाक आले. मालिका ऐन रंगात येते, चित्र थिजते आणि मधोमध एक चाक गरगर फिरू लागते. यात दोष कुठे आहे ते मात्र दिसत नाही. न दिसणाऱ्या दुखण्यावर आपण एकच औषध करतो. जास्त वेगाची, जास्त पैशांची योजना घेऊन टाकतो. महिन्याला तीनशे रुपये वाढले तर वर्षाचे छत्तीसशे झाले, आणि चाक पुष्कळदा तसेच फिरत राहते.

फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. गावठाणात फायबरची जोडणी घेता येते, पण कपाशी-मका-अद्रकाच्या रानातल्या वस्तीवर बहुधा मोबाईलच्या टॉवरवरच भागवावे लागते. दोन्हीकडच्या घरांना उपयोगी पडेल असा हिशेब आज मांडू.

प्रथम वेग म्हणजे काय ते पाहू. योजनेच्या कागदावर ३० एमबीपीएस, १०० एमबीपीएस असे आकडे असतात. ठिबकच्या ड्रीपरवर ताशी किती लिटर पाणी देतो ते लिहिलेले असते, तसेच हे माप. दर सेकंदाला किती माहिती येते ते यावरून कळते. यात एक गोम आहे. हे माप बिटमध्ये असते आणि आपला फोन फाईल उतरवून घेताना बाइटमध्ये मोजतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ३० च्या लाईनवर फोनने सेकंदाला पावणेचार एमबी दाखवले, तर आपली फसवणूक झाली असे समजू नये. हिशेब बरोबर आहे.

टीव्हीला किती लागते? नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांना सांगितलेले माप असे आहे: साध्या एचडी चित्राला ३, फुल एचडीला ५ आणि फोर-के म्हणतात त्या अतिस्पष्ट चित्राला १५ एमबीपीएस. आपल्या घरी बत्तीस किंवा चाळीस इंची टीव्ही असतो आणि आपण आठ-दहा फुटांवर बसून पाहतो. एवढ्या अंतरावरून फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक बहुतेकांच्या डोळ्यांना कळायचा नाही. तेव्हा टीव्हीला ५ धरा, पोराच्या अभ्यासाच्या व्हिडिओला २ ते ३ धरा, आणखी एका फोनला तेवढेच धरा. बेरीज दहा-अकराच्या पुढे जात नाही. एक टीव्ही आणि तीन-चार फोन असलेल्या घराला ३० ची लाईन खरोखर ३० ने चालत असेल तर पोटभर होते. त्या घराला शंभराची योजना म्हणजे दोन एकराला साडेसात एचपीची मोटर.

'ब्रॉडबँड आहे' एवढ्या शब्दावर मात्र विसंबू नका. दूरसंचार नियामकाच्या व्याख्येत २०१३ पासून ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून ती पायरी २ एमबीपीएस झाली. म्हणजे २ ची लाईन देणाराही ब्रॉडबँडच देतो. शब्द ऐकू नये, आकडा विचारावा.

आता चाक का फिरते ते सांगतो. टीव्ही चित्र आले तसे लगेच दाखवत नाही. पुढचे काही सेकंद आधी भरून ठेवतो आणि त्यातून दाखवत जातो. हा त्याचा हौद. विहिरीतून पाणी थोडे कमी-जास्त आले तरी हौद भरलेला असला की पाळी मोडत नाही. चाक फिरले म्हणजे हौद कोरडा पडला. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की टीव्हीला मोठी धार लागत नाही, अखंड धार लागते. सकाळी ८० आणि रात्री आठला २ अशा लाईनपेक्षा दिवसरात्र १० देणारी लाईन टीव्हीसाठी केव्हाही चांगली.

म्हणून पैसे वाढवण्याआधी मोजून पाहावे. फोनवर वेग मोजायची ॲप फुकट मिळतात. घरात शिकते पोर असेल तर त्याच्याकडे हे काम द्या आणि वहीत लिहायला सांगा. पहाटे, दुपारी आणि रात्री आठ ते नऊच्या दरम्यान असे तीन वेळा मोजायचे. प्रत्येक वेळी दोन जागी, एकदा राऊटरपासून हातभर अंतरावर आणि एकदा टीव्हीजवळ. मोजताना फोन वायफायवर आहे ना, सिमकार्डाच्या नेटवर नाही ना, हे आधी पाहावे आणि टीव्ही बंद ठेवावा. चार दिवस असे केले की वही बोलू लागते. राऊटरजवळ ३० आणि टीव्हीजवळ ३ असेल तर दोष आपल्या घरात आहे, आणि शंभराची योजना घेऊनही तो जाणार नाही. दोन्ही जागी पहाटे उत्तम आणि रात्री वाईट असेल, तर कालव्याच्या शेपटाकडे जे होते तेच इथे होते आहे. वरचे सगळे एकाच वेळी दारे उघडतात आणि आपल्यापर्यंत पाणी पोचत नाही. हा पुरवणाऱ्याचा दोष. आणि तिन्ही वेळी, दोन्ही जागी कमीच असेल तर जोडणीत बिघाड आहे किंवा घेतलेली योजनाच तेवढी आहे.

घरातला दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत स्वस्तात निघतो, म्हणून त्यावर जरा थांबू. लाईनमन येतो, दाराजवळ भोक पाडतो, तिथेच खिळा मारून राऊटर टांगतो आणि जातो. त्याचे काम झाले. घर मात्र मागे लांब गेलेले असते. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे, दीड-दोन हाताच्या मातीच्या किंवा दगडी भिंती. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही, पण वायफायच्या लहरींना ती भिंत म्हणजे बांध. पत्रा तर त्याहून वाईट. पत्र्याची पडवी, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्या आडून लहरी जवळजवळ जातच नाहीत. त्यात एखादी हौशी सून राऊटरवर विणलेला रुमाल घालते आणि तो टीव्हीच्याच मागे सरकवून ठेवते. दिसायला छान, कामाला वाईट. राऊटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघडा असावा. फायबरची जास्तीची तार मागून घेऊन तो आत आणता येतो. ती तार आत काच असलेली आहे, तिला दोरीसारखी गाठ किंवा काटकोनात मोड देऊ नये.

राऊटरची बहुधा दोन नावे फोनवर दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचे आणि एक ५ चे. २.४ ची लहर लांब जाते, भिंतीतून थोडीफार पार होते, पण तिचा वेग कमी आणि शेजारच्यांच्या राऊटरांची तिच्यात गर्दी. ५ ची लहर वेगवान, पण एका जाड भिंतीत दम सोडते. टीव्ही आणि राऊटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ वर जोडावा, मध्ये भिंत असेल तर २.४ वर.

या सगळ्यापेक्षा बरा उपाय म्हणजे लॅनची वायर. राऊटरच्या मागे आणि बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या मागे चौकोनी खाच असते. दोन्हींमध्ये वायर टाकली की भिंत, पत्रा, शेजारी, सगळ्यांचा प्रश्न मिटला. ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे ओसरीपासून माजघरापर्यंतच काय, मागच्या गोठ्यापर्यंत जाईल. माझ्या मते टीव्ही घेतानाच ही वायर घ्यावी. 'रिपीटर' नावाचा लहान डबा विकतात, तो लहर पुढे ढकलतो खरा, पण स्वस्त डब्यात ढकलताना वेग निम्म्यावर येतो. मोठ्या घराला दुसरा राऊटर वायरने जोडणे अधिक टिकाऊ.

शेतवस्तीवरच्या घरांचे गणित निराळे. तिथे फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालतो. एका सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर पूर्ण ५ च्या वेगाने तो चाळीस मिनिटांत संपतो, आणि मग वेग इतका उतरतो की चाक फिरणारच. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत उतरवली आणि २ एमबीपीएसमध्ये भागवले, तर तोच पॅक एक तास चाळीस मिनिटे पुरतो. टॉवरवरून छपरावरच्या डब्यात लहर घेणारी 'एअरफायबर'ची सोय अलीकडे निघाली आहे. ती घेण्याआधी घरच्या छपरावर उभे राहून रात्री आठला त्याच कंपनीच्या सिमवर वेग मोजावा, दुपारी मोजू नये. महिन्याची जीबीची मर्यादाही विचारावी. रोज तीन तास फुल एचडी पाहिले तर महिन्याला दोनशे जीबी लागतात.

घरात नुसत्या बातम्या, कीर्तन, जुने चित्रपट आणि सह्याद्री वाहिनी एवढेच पाहिले जात असेल, तर नेटची गरजच काय? प्रसार भारतीची फ्री डिश डिसेंबर २००४ पासून आहे. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे भाडे नाही आणि चाकही नाही. नेट मग पोरांच्या अभ्यासाला आणि सातबारा, पीक पाहणीच्या कामांना राहते. संध्याकाळी म्हातारीची मालिका आणि नातीचा तास एकाच वेळी येतो तेव्हा कुणी गप्प बसायचे यावर घरात रुसवे होतात, ते तरी टळतात.

विजेचे सांगायला हवे. भारनियमनात टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो आणि राऊटर बंद पडतो, मग नेटला शिव्या बसतात. राऊटर आणि फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी लहान बॅटरीचा यूपीएस मिळतो, तो काही तास निभावतो. आकाशात कडकडाट सुरू झाला की दोन्हींचे ॲडॉप्टर प्लगमधून काढावेत. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, विजेच्या तारेतून येते.

फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर बटणे दाबत बसू नये. बाहेर तार तुटली आहे. रस्त्याच्या कामातला जेसीबी, उंदीर, आणि आपल्याच ट्रॉलीवर उंच रचलेला कडबा, हे तिचे नेहमीचे वैरी. कडब्याची खेप वेशीतून आत आणताना वर एक नजर टाकली तर अर्ध्या गावाचा टीव्ही वाचतो.

पुरवणाऱ्याचा दोष वहीत स्पष्ट दिसत असेल तर कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावाच. त्यावर काही झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. २०१२ च्या नियमांनी हा हक्क ग्राहकाला दिला आहे.

आणि एक काम गावाचे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तिचे पुढे भारतनेट असे नाव झाले. मूळ आराखड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस होते. वीस घरांनी एकाच वेळी फुल एचडी लावले की तेवढे संपते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत तारांची जोडणी कड्यासारखी करायची आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसरीकडून नेट येत राहील. आपल्या गावात ते काम कुठवर आले आहे, पंचायतीतली यंत्रे चालू आहेत का, त्यांची बॅटरी जिवंत आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. विचारताना ती मोजणीची वही बरोबर न्यावी, आणि लाईनमन दारी आला तर त्याच्यासमोरच, त्याच्याच फोनवर, टीव्हीजवळ उभे राहून एकदा मोजायला लावावे.