काठी नको, पुस्तक द्या!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. पहिलीपासून दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की पेन अडखळतं. मराठी विभागाचे सर म्हणाले, "तू लिही, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो." म्हणून हे धाडस! तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल, मुद्द्याकडे मात्र करू नका.

मुद्दा आपल्या सर्वांच्या लाडक्या प्रोजेक्टचा आहे. 'स्मार्ट स्टिक फॉर द ब्लाइंड'! एक अल्ट्रासोनिक सेन्सर, एक अर्डुइनो, एक बझर आणि हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप. दरवर्षी किमान एक तरी ग्रुप ही काठी बनवतोच. एक्स्टर्नल खूश होतात, फोटो निघतो आणि वायवा झाला की काठी लॅबमधल्या कपाटावर जाऊन पडते. मी कुणाला हसत नाहीये. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून हीच काठी मीसुद्धा केली आहे, आणि मार्कही चांगले मिळाले आहेत.

गेल्या वर्षी आमच्या एनएसएसच्या पोरांनी लॅबमधून काढलेले आठ कॉम्प्युटर जवळच्याच एका अंधशाळेला भेट दिले. हार-तुरे झाले, नोटीस बोर्डवर फोटो लागला. या जानेवारीत आम्ही पुन्हा तिथे गेलो. मी माझी काठीही बरोबर घेतली होती, मुलांना दाखवायला. पाहते तर आठही कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हरखाली! चालू होत होते, बिघाड काहीच नव्हता. पण आम्ही त्यात स्क्रीन रीडर टाकलाच नव्हता. हेडफोन एकही दिला नव्हता. कॉम्प्युटर शिकवायची जबाबदारी ज्या बाईंवर होती, त्या संगीतही शिकवत होत्या आणि हस्तकलाही, आणि त्यांना कुणी ट्रेनिंग दिलेलं नव्हतं. म्हणजे न दिसणाऱ्या मुलांना आम्ही आठ स्क्रीन देऊन आलो होतो. इंजिनिअर ना आम्ही!

आठवीतल्या एका मुलीच्या हातात मी काठी दिली. तिने ती वरपासून खालपर्यंत चाचपली, बझर वाजवून पाहिला आणि अगदी आदराने परत दिली. म्हणाली, "छान आहे ताई. पण काठी आहे माझ्याकडे. गणिताचं पुस्तक कॉम्प्युटरवर मिळेल का?"

मी लगेच "हो" म्हणून टाकलं. त्या 'हो'चं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

स्क्रीन रीडरची अडचण आलीच नाही. 'एनव्हीडीए' नावाचं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 साली ते लिहायला घेतलं, कारण बाजारातले स्क्रीन रीडर फार महाग होते. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि पेन ड्राइव्हवरूनही चालतं. स्क्रीनवरची अक्षरं, बटणं, मेनू सगळं बोलून दाखवतं, मराठीसुद्धा वाचतं. माऊस लागत नाही, सगळं की-बोर्डवर. एका दुपारी आठही मशीनवर टाकून झालं. खर्च झाला तो फक्त हेडफोनचा.

खरी गंमत पुढेच. मला मिळालेलं गणिताचं गाइड स्कॅन केलेलं होतं. म्हणजे प्रत्येक पान हा एक फोटो. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, पण स्क्रीन रीडरला काहीच सापडत नाही, तो गप्प बसतो. मग शाळेतल्या बाईंनी टाइप करून घेतलेल्या नोट्स उघडल्या. त्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला 'कमल' दिसतं, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी 'डी, ई, वाय' ही अक्षरं, वरून फक्त मराठी मुखवटा. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, जे साठवलं आहे तेच वाचतो. त्यामुळे सगळा धडा त्याने भुताने झपाटल्यासारखा वाचून दाखवला. मुली खो-खो हसल्या. मी मात्र हसले नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर तोच धडा सरळ वाचला गेला असता.

शेवटी आम्ही चौघींनी दोन प्रकरणं हाताने टाइप केली, तेव्हा सूत्रांनी घोळ घातला. 'ए अधिक बीचा वर्ग' असं ऐकलं तर वर्ग नुसत्या बीचा, की दोघांच्या बेरजेचा? डोळ्यांना कंस दिसतो, कानाला तो वेगळा सांगावा लागतो.

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस आपल्या पुण्याचा आहे, हे मला तेव्हा कळलं. टी. व्ही. रामन. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुण्यात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल. तिथे 1994 साली त्यांनी पीएचडी केली ती गणिताची सूत्रं कॉम्प्युटरने नीट, न गोंधळता कशी वाचून दाखवावीत, याच विषयावर. पुढे ते गूगलमध्ये संशोधक झाले. आपल्याकडे मात्र अजूनही "अंध मुलांना गणित कशाला?" असं सहज म्हटलं जातं. आंध्र प्रदेशातल्या श्रीकांत बोल्लांना अकरावीला सायन्स घेण्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. पुढे ते एमआयटीत शिकले. 2024 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, तो हॉस्टेलवर आपण सगळ्यांनी पाहिला, टाळ्याही वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सबमिशनला पुन्हा काठी!

काही जण म्हणतील, ब्रेल आहे ना, मग कॉम्प्युटर कशाला? उलट काही जण म्हणतील, कॉम्प्युटर बोलतो ना, मग ब्रेल कशाला? मला वाटतं दोन्ही हवं. ब्रेलचं पुस्तक जाडजूड होतं आणि प्रत्येक पुस्तक ब्रेलमध्ये मिळत नाही, तिथे कॉम्प्युटर हवा. पण नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही. माझंच उदाहरण घ्या! ऐकून शिकलेल्या मराठीची ही अशी गत होते. अक्षर बोटाखाली यायलाच हवं.

आणखी एक गोष्ट. त्या शाळेत सहावीतला एक मुलगा नाक स्क्रीनला टेकवून बसला होता. त्याला थोडं दिसतं. त्याला स्क्रीन रीडर नको होता. विंडोजची की आणि अधिकचं चिन्ह दाबल्यावर जो मॅग्निफायर उघडतो तो आणि काळ्यावर पिवळी अक्षरं, एवढंच हवं होतं. दोन मिनिटांचं काम, पण ते त्याला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. 'अंध' आणि 'अल्पदृष्टी' या दोन वेगळ्या गरजा आहेत. आणि अशी मुलं फक्त अंधशाळेत नसतात. साध्या शाळेत मागच्या बाकावर बसून फळा न दिसल्यामुळे 'ढ' ठरलेलीही असतात.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहाय्यक साधनं मोफत मिळायला हवीत. कॉपीराइट कायद्यातही 2012 मध्ये बदल झाला. दिव्यांगांना वाचता यावं म्हणून पुस्तक दुसऱ्या स्वरूपात करून देणं आता गुन्हा नाही. म्हणजे कायदा आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, भंगारात निघणारे कॉम्प्युटर आपल्याकडे आहेत. मग अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते आपल्या देण्याच्या पद्धतीत. आपण वस्तू देतो, वेळ देत नाही. एखाद दिवशी विंडोज अपडेट होतं, आवाज बंद पडतो आणि 'कंट्रोल पॅनल उघडून बघा' असं सांगायला तिथे कुणी नसतं. पुन्हा प्लॅस्टिकचं कव्हर!

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, पुढची दोन वर्षं काठीला सुट्टी द्या. एचओडी सरांना विनंती, की एखाद्या ग्रुपने जुन्या फॉन्टमधले धडे युनिकोडमध्ये आणायचं, सूत्रं वाचता येतील अशी करायचं काम घेतलं, तर त्यालाही प्रोजेक्टचा दर्जा द्या. दिसायला ते काठीइतकं भारी नाही, पण उपयोगी आहे. दोन, एनएसएसचे तास तिथे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात आणि बाईंना शिकवण्यात जाऊ देत, दर पंधरा दिवसांनी एक शनिवार. तीन, कुठलीही वस्तू बनवण्याआधी ती ज्याच्यासाठी आहे त्याला एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि पटत नसेल तर आज रात्री रूमवर एक प्रयोग करा. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबा. विंडोजमधला नॅरेटर बोलू लागेल. स्क्रीनवर टॉवेल टाका आणि आपल्या सरांच्या नोट्स उघडून बघा. हाताने लिहून मोबाइलवर स्कॅन केलेल्या त्या पीडीएफ! एक शब्द ऐकू आला तर मेसचा रविवारचा गुलाबजाम माझ्याकडून. म्हणजे ती मुलगी उद्या बारावी होऊन आपल्याच कॉलेजात आली, तर आपणही तिला प्लॅस्टिकचं कव्हरच देणार ना?

असो. जाता जाता संपादक मंडळाला एक विनंती. मी हा लेख लिहितेय हे त्या मुलीला सांगितलं आहे. ती म्हणाली, "मग मला वाचायला पाठवा. कुणाकडून वाचून नको, माझी मी वाचीन." आपला अंक दरवर्षी छापून झाल्यावर स्कॅन करून ठेवतात. यंदा तेवढं करू नका. युनिकोडमध्येच राहू द्या. सुरुवात आपल्या घरापासून करू या!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी