कुत्र्यांची फी आणि बोकडांचे नुकसान

शेळी-बोकडांच्या धंद्यात असलेल्या आमच्या बांधवांना हा प्रकार नवा नाही. रात्री मोकाट कुत्र्यांची टोळी गोठ्यात शिरते आणि सकाळी पाच-सहा जनावरे फाडलेली सापडतात. ईदेसाठी वर्षभर पोसलेला माल असेल तर मालकाचे भांडवलच जाते. बिबट्या, लांडगा किंवा तरस यांनी जनावर मारले तर महाराष्ट्रात वनखात्याकडे दाद मागता येते. पंचनामा होऊन बाजारभावाच्या 75 टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, रक्कम मिळते. गल्लीतल्या कुत्र्याने मारले तर वनखाते हात वर करते, कारण कुत्रा वन्यप्राणी नाही. शेळी मात्र दोन्हीकडे सारखीच मेलेली असते!

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात या प्रश्नावर जुना तोडगा आहे. तिथे प्रत्येक पाळीव कुत्र्याचा दरवर्षी परवाना काढावा लागतो. कायद्याने ठरवलेली किमान फी नसबंदी केलेल्या कुत्र्यास 3 डॉलर आणि न केलेल्यास 8 डॉलर आहे. गाव किंवा शहर ती गोळा करते आणि ती काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या, कुत्रा-परवाना निधीत जमा होते. बिल्ले व वसुलीचा खर्च वजा जाता उरलेल्या पैशातून, कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांच्या मालकांचे दावे भागवता येतात. दावा नुकसान कळल्यापासून तीन दिवसांत करावा लागतो, आणि स्थानिक अधिकारी चौकशी करतात. कुत्र्याचा मालक सापडला तर काउंटी त्याच्याकडून रक्कम वसूल करू शकते. ज्याने स्वतःच्या कुत्र्याचा परवाना काढलेला नाही, त्याला भरपाई नाही. ही अट आम्हांस फार आवडली.

ओहायोतही कुत्र्यांच्या फीचा वेगळा निधी आहे, पण त्याचा मोठा वाटा कुत्रे पकडणारे अधिकारी आणि कोंडवाडे यांवर जातो. हा खर्च आवश्यकच आहे. तरीही ज्या निधीतून मेंढपाळाचे नुकसान भरायचे, त्याच निधीतून पगारही द्यायचे ठरले तर पगार आधी निघतो, हे कोणत्याही व्यापाऱ्यास सांगायला नको.

आता हे इथे जसेच्या तसे चालेल काय? आमच्या मते नाही. तिथला कुत्रा बहुधा कुणाचा तरी असतो, आपल्याकडचा बेवारस. महानगरपालिका पाळीव कुत्र्यांचे परवाने देतात, पण थोड्याशा फीतून रस्त्यावरच्या कुत्र्यांनी केलेले नुकसान भरून निघणार नाही. म्हणून भार स्थानिक संस्थेवरच पडला पाहिजे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करणे तिचेच काम आहे. ते काम झाले नाही, तर त्याची किंमत शेळीवाल्याने का मोजावी? तामिळनाडूत तिरुप्पूर-इरोड भागातील मेंढपाळ रस्त्यावर उतरले, तेव्हा 2025 मध्ये तेथील सरकारला भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांसाठी भरपाई द्यावी लागली. म्हणजे हे अशक्य नाही.

व्यापारी बांधवांनी आपल्या परीने काही पथ्ये पाळावीत. जनावर मेले की लाजेकाजेने पुरून टाकू नये. आधी फोटो काढावेत, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि ग्रामपंचायत वा पोलिसांकडून पंचनामा घ्यावा. बाजारातील खरेदीची पावती जपून ठेवावी, नाहीतर किंमत सिद्ध होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातील विम्यात शेळ्या-मेंढ्याही येतात आणि 2024 पासून पशुपालकाचा हप्त्यातील वाटा 15 टक्के आहे. आमचे बरेच बांधव याकडे फिरकतही नाहीत, याचे नवल वाटते.

नगरपालिकांची अंदाजपत्रके मार्चपूर्वी मांडली जातात. त्याआधी खाटीक व शेळी व्यापारी यांच्या संघटनांनी एकत्र येऊन, परवाना फी किती जमली, नसबंदीवर किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे आणि भरपाईसाठी स्वतंत्र शीर्ष उघडण्याची मागणी त्याच अर्जासोबत द्यावी.