कसब कोणाचे, मालकी कोणाची?

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात १८ फेब्रुवारी २०११ रोजी ‘बिझार क्रिएशन्स’ हा व्हिडिओ गेम तयार करणारा स्टुडिओ कायमचा बंद झाला. सुमारे दोनशे जणांचे काम गेले. मोटारींच्या शर्यतीचे गेम रचण्यात ज्यांचा हात धरणारे जगात मोजकेच होते, अशी ही मंडळी. बाजारात रोज एखादी कंपनी उघडते, एखादी बंद पडते. मग लिव्हरपूलच्या या स्टुडिओची आठवण दीड दशकानंतर कशासाठी काढायची, असा प्रश्न कोणालाही पडेल. कसब एका हाती आणि मालकी दुसऱ्याच हाती असली म्हणजे अखेरीस कसबाचे काय होते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच मिळतो, हे त्याचे उत्तर आहे.

लिव्हरपूल हे बंदराचे शहर. बंदराचा व्यवहार ओसरल्यावर तेथील तरुणांना ज्या नव्या उद्योगांनी हात दिला, त्यांत संगणकावरील खेळांचा उद्योग होता. १९८४ साली तेथील ‘इमॅजिन’ ही कंपनी दिवाळ्यात गेली आणि तिच्याच अवशेषांतून ‘सिग्नोसिस’ उभी राहिली. याच परिसरात मार्टिन चडली यांनी बिझार क्रिएशन्सची उभारणी केली. १९९६ साली या चमूने सिग्नोसिससाठी ‘फॉर्म्युला वन’ हा गेम तयार केला. त्यापाठोपाठ २००० साली सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ यंत्रासाठी ‘मेट्रोपोलिस स्ट्रीट रेसर’ आला. लंडन, टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांतील रस्ते त्यात हुबेहूब उभे केले होते. यंत्रातील घड्याळाच्या आधारे त्या त्या शहराची वेळ धरली जाई आणि तेथे रात्र असेल तर रस्त्यावरही रात्रच दिसे. केवळ पहिला येणाऱ्याला बक्षीस, ही शर्यतीची जुनी रीतही त्यांनी बदलली. वळण किती सफाईने घेतले, कोठेही न धडकता गाडी कशी काढली, यालाही गुण मिळू लागले. वेगाइतकेच डौलालाही मोल आहे, हा विचार या चमूचा स्वतःचा होता.

दैव मात्र अनुकूल नव्हते. गेम बाजारात आला नोव्हेंबर २००० मध्ये आणि ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. चमू खचला नाही. तोच विचार घेऊन त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या नव्या ‘एक्सबॉक्स’साठी ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग’ आला आणि २००७ पर्यंत या मालिकेचे चार गेम निघाले. एक्सबॉक्सची पहिली आणि दुसरी अशी दोन्ही यंत्रे दुकानांत आली, तेव्हा त्यांच्या पहिल्या गेममध्ये ही मालिका होती.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. फॉर्म्युला वन हे नाव त्या खेळाच्या मालकांचे होते. मेट्रोपोलिस सेगाने बाजारात आणला होता आणि ‘प्रोजेक्ट गॉथम’ हे नाव मायक्रोसॉफ्टचे. जी नावे या चमूने घराघरांत पोहोचवली, त्यांतील फॉर्म्युला वन आणि ‘प्रोजेक्ट गॉथम’ या नावांवर त्याचा हक्क नव्हता. शेत दुसऱ्याचे, पीक दुसऱ्याचे, आपले फक्त राबणे, अशी ही कुळाची स्थिती होती. गेम तयार करण्याचा खर्च दर नव्या यंत्राबरोबर वाढत असताना अशा कुळाला मोठ्या धन्याचा आसरा शोधावा लागला, यात नवल नाही. सप्टेंबर २००७ मध्ये ॲक्टिव्हिजन या बलाढ्य अमेरिकी कंपनीने स्टुडिओ विकत घेतला.

या नव्या धन्यासाठी चमूने ‘ब्लर’ रचला. तो मे २०१० मध्ये बाजारात आला. त्याच्या आगेमागे काही दिवसांच्या अंतराने डिस्नेचा ‘स्प्लिट सेकंड’ आणि सोनीचा ‘मॉडनेशन रेसर्स’ हे शर्यतीचेच दोन गेम आले. तिघांनी एकाच ग्राहकाकडे हात पसरला. ‘ब्लर’ची विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ॲक्टिव्हिजनने स्टुडिओच्या भवितव्याचा फेरविचार सुरू केला आणि तीन महिन्यांत निकाल लागला. त्याच नोव्हेंबरात याच कंपनीचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील नवा युद्धपट बाजारात आला होता आणि त्याने दीड महिन्याच्या आत एक अब्ज डॉलरची विक्री केली होती. म्हणजे तिजोरीत पैसा नव्हता म्हणून स्टुडिओ बंद झाला, असे म्हणण्यास जागा नाही. एक अब्ज देणाऱ्या झाडापुढे बाकीची बाग तोट्याची वाटू लागली, हे खरे कारण.

शर्यतीच्या गेमचे मूलभूत गणितच बदलले आहे, असे कंपनीने तेव्हा सांगितले. यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. पडद्यावर खरी मोटार आणायची तर उत्पादकाचा परवाना लागतो, तिचा अंतर्भाग इंच न् इंच घडवावा लागतो. पोर्शे मोटारींचा परवाना तर २०१६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीच्या मुठीत होता. दुसरीकडे मोबाइलवर फुकट शर्यती मिळू लागल्या. परिणामी एकामागून एक दिवे विझत गेले. ‘स्प्लिट सेकंड’ रचणारा ब्रायटनचा ‘ब्लॅक रॉक’ २०११ मध्येच डिस्नेने बंद केला. सिग्नोसिसचा वारसा चालवणारा लिव्हरपूलचा स्टुडिओ ऑगस्ट २०१२ मध्ये आणि ‘ड्राइव्हक्लब’ रचणारा ‘इव्होल्यूशन’ मार्च २०१६ मध्ये सोनीने बंद केला.

तरीही हा खेळप्रकार मेला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘मारियो कार्ट ८ डिलक्स’च्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत, ‘ग्रॅन टुरिस्मो’ आणि ‘फोर्झा होरायझन’ यांचा चाहतावर्ग प्रचंड आहे. परंतु ही तिन्ही नावे यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांची आहेत. शिखरावर महाकाय मालिका उरल्या, पायथ्याशी मोबाइलवरील फुकट खेळ उरले. मधला, नवे धाडस करणारा मध्यम वर्ग तेवढा नाहीसा झाला. समाजात असो वा उद्योगात, मधला थर झिजला की नव्या कल्पनांचा झरा आटतो.

दुसरी हानी स्मृतीची आहे. पुस्तक छापणे बंद झाले तरी ग्रंथालयात मिळते. शर्यतीच्या गेमचे तसे नाही. मोटारींचे आणि संगीताचे परवाने संपले की तो विक्रीतूनच काढावा लागतो. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये असाच काढला गेला. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ची तऱ्हा त्याहून वाईट. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता, त्यांच्याही हाती काही उरले नाही. त्यातून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

ही गोष्ट दूर देशीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. याच युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ रचणार, अशी घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये मोठ्या अभिमानाने झाली. मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील माँट्रियलला हलवण्यात आले. गुणवत्तेचा वाद येथे बाजूला ठेवला तरी निर्णय कोठे झाला, हा प्रश्न उरतोच. मराठी घरांतील शेकडो मुले-मुली आज या क्षेत्रात शिरत आहेत. त्यांना पगार किती, एवढेच घरात विचारले जाते. त्यांनी घडवलेल्या वस्तूवर नाव कोणाचे, हेही विचारले गेले पाहिजे.

कसब मात्र सहजी मरत नाही. बिझारमधील काही सहकाऱ्यांनी २०११ मध्येच लिव्हरपूलमध्ये ‘ल्यूसिड गेम्स’ सुरू केला. ब्लॅक रॉकमधून बाहेर पडलेल्यांनी ब्रायटनमध्ये ‘बॉस एलियन’ उभारून ‘सीएसआर रेसिंग’ हा मोबाइलवरील गेम यशस्वी केला. बंद स्टुडिओंतील काही जण ‘फोर्झा होरायझन’च्या चमूत गेले. तथापि, वीस-वीस वर्षे एकत्र काम करून जी समज तयार होते, ती माणसे विखुरली की पुन्हा जुळत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ही कंपनीच ६८.७ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्यामुळे ‘प्रोजेक्ट गॉथम’ आणि ‘ब्लर’ ही दोन्ही नावे आता एकाच तिजोरीत सुखरूप आहेत. त्या नावांना अर्थ देणारे दोनशे जण मात्र बारा वर्षांपूर्वीच बारा वाटांना लागले होते. नावे विकत घेता येतात. ती घडवणारा चमू पुन्हा विकत घेता येत नाही. ज्या समाजाला आपल्या कसबी माणसांचे मोल कळते, त्याने त्यांच्या हाती कामाबरोबर मालकीचाही वाटा दिला पाहिजे.