खारेपाटणच्या ताम्रपटांपुढे

भारताचा प्राचीन इतिहास इंग्रजांनी मुद्दाम आखूड केला, हे विधान आता वादाचा विषय राहिलेले नाही. लोक ते गृहीत धरूनच बोलतात. आमच्या तळेरे गावातही शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून मी ते ऐकतो. म्हणून त्याला एकदा नीट उत्तर द्यायला हवे.

आधी त्यांची मांडणी पाहू. ग्रीक वकील मेगॅस्थेनिसने ज्याचा दरबार पाहिला तो सँड्रोकोट्टस म्हणजे मौर्य चंद्रगुप्त नव्हे, गुप्तांचा चंद्रगुप्त. एवढे एक मानले की सगळे राजवंश शेकडो वर्षे मागे सरकतात. गुप्त सिकंदराचे समकालीन होतात, सातवाहन इ.स.पू. ८३३ ते ३२७ मध्ये बसतात, अशोक इ.स.पू. पंधराव्या शतकात जातो आणि बुद्ध त्याच्याही मागे. आंध्रातल्या कोटा वेंकटाचलम यांनी पुराणांतल्या वंशावळींची बेरीज करून हा हिशेब मांडला. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी ग्रहस्थितीवरून भारतीय युद्ध इ.स.पू. ५५६१ मध्ये नेले आणि रामायण त्याच्याही आधी.

या पक्षाचे एक म्हणणे खरे आहे. विल्यम जोन्सने १७९३ मध्ये सँड्रोकोट्टस म्हणजे मौर्य चंद्रगुप्त अशी ओळख पटवली, तेव्हा जगाचे वय बायबलावरून मोजायची त्याची सवय सुटलेली नव्हती. माक्स म्यूलरने ऋग्वेदाला दिलेला इ.स.पू. १२०० हा काळही निव्वळ अंदाज होता. त्यांच्या हेतूंवर कोणी शंका घेतली तर मी आड येणार नाही. पण तिथून ‘म्हणून सगळी कालगणना परक्यांची आणि खोटी’ या निष्कर्षावर उडी मारली जाते, तिथे मात्र मला चीड येते. कारण दख्खनच्या इतिहासाला सनावळी देण्याच्या कामाचा मोठा वाटा याच मातीतल्या माणसांनी उचलला आहे.

तळेऱ्याच्या उत्तरेला खारेपाटण. तिथे दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. ते पलीकडच्या पोंभुर्ल्याचे. त्या पटावर काळ आहे शक ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा, म्हणजे इ.स. १००८. हा ताळा कोणालाही घरबसल्या करता येतो. १९६८ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेले संवत्सर कीलकच होते. १००८ पासून १९६८ पर्यंत ९६० वर्षे, म्हणजे साठ संवत्सरांची बरोबर सोळा आवर्तने. खारेपाटणलाच मिळालेला दुसरा पट उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा, शक १०१६, भाव संवत्सर. तो काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी प्रसिद्ध केला. त्याचीही मोजणी करून पाहा, चूक निघत नाही.

कोणी म्हणेल, पंचांग आपलेच, शकही आपलाच, मग बाहेरचा साक्षीदार कुठे आहे? तोही आहे. अनंतदेवाच्या पटात त्याच्या पूर्वजांपैकी झंझ नावाचा राजा येतो. अरब प्रवासी मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला आला होता. तिथल्या सत्ताधीशाचे नाव त्याने लिहून ठेवले आहे आणि ते झंझच आहे. मसूदीने खारेपाटणचा पट पाहिलेला नाही, कारण तो कोरलाच गेला पावणेदोनशे वर्षांनी. ज्याने तो कोरला त्याला हिजरी सनाशी काही देणेघेणे नव्हते. तरी दोघे एकाच जागी भेटतात.

यावर ‘शिलाहारांबद्दल वाद नाही, आम्ही त्याआधीचे बोलतो’ असे उत्तर येईल. पण मागे गेल्यावरही हीच स्थिती आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती नहपान क्षत्रपाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकलेली. राजाच्या मुखवट्यावर दुसऱ्या राजाचे चिन्ह चढलेले एक नाणे हातात धरले तरी आधी कोण आणि नंतर कोण हे डोळ्यांनी दिसते. पेरिप्लस या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात भडोचच्या बाजूला जो राजा येतो तो बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच नहपान, आणि त्याच ग्रंथात नबाती राजा मलिकस येतो, जो पहिल्या शतकातला. सातवाहनांना इ.स.पू. ८३३ कडे ओढायचे तर नबाती आणि रोमी राजेही सोबत ओढावे लागतील. अशोकाचेही तेच. तेराव्या शिलालेखात तो अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग आणि अलिकसुंदर अशी पाच नावे एका दमात घेतो. हे पाचही ग्रीक राजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात एकाच वेळी राज्य करत होते. हे सरहद्दीवरचे कुठले तरी यवन सरदार, असे म्हणायचे तर पाचांची पाच नावे योगायोगाने जुळली असे मानावे लागेल.

वर्तकांची पद्धत वेगळी. पण महाभारतातली ग्रहस्थितीची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत. कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची हे ज्याने त्याने ठरवले, म्हणून चिं. वि. वैद्यांना इ.स.पू. ३१०१ मिळते आणि वर्तकांना ५५६१. परंपरेचाही एक आवाज नाही. ऐहोळेचा शिलालेख युद्धाला शक ५५६ च्या आधी ३७३५ वर्षे देतो, म्हणजे कलियुगाच्या आरंभी, तर कल्हण कौरव-पांडवांना कलीची ६५३ वर्षे गेल्यावर ठेवतो. शिवाय इ.स.पू. ५५६१ मध्ये उपखंडात मेहरगढसारख्या वस्त्यांत कच्च्या विटांची घरे आणि सातूची शेते होती. रथाचे चाक तेव्हा जगात कुठेच सापडत नाही. रथांशिवाय कुरुक्षेत्र कसे उभे करणार?

आपला इतिहास मागे नेण्याला माझा विरोध नाही. १९२४ मध्ये हडप्पा-मोहेंजोदडोचे शोध जाहीर झाले तेव्हा आपली नागरी संस्कृती एका झटक्यात दोन हजार वर्षांनी मागे गेली, आणि ती याच मान्य पद्धतीने गेली. मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, तो ताम्रपट, शिलालेख आणि नाणी एकमेकांवर पडताळून. मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट सूएलसोबत १८९६ मध्ये भारतीय पंचांगावरचा जो ग्रंथ केला, त्याच्या कोष्टकांवर अभ्यासक लेखांच्या तिथी तपासू लागले. या माणसांना इंग्रजांचे हस्तक ठरवणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे.

आणि आज तेच काम आपल्या दारात पडून आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर, राजापुरात कशेळी आणि बारसूला जांभ्यात कोरलेली शिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती तर अठरा मीटर लांबीचा. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जांभ्यातल्या रेघेत कार्बन नसतो, त्यामुळे तिचे वय थेट मोजता येत नाही. तळेऱ्याच्याच तालुक्यातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी अवजारे मिळाली, पण अवजारांचे वय आणि शिल्पांचे वय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना जोडणारा पुरावा सड्यावरच्या मातीत, आसपासच्या गुहांच्या थरांत शोधावा लागेल. पांडवांनी एका रात्रीत कोरले म्हटले की हे शोधायची गरजच उरत नाही. सड्यावर चिरेखाण सुरू झाली तर शोधायला जागाही उरणार नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी शिल्पांभोवतीची जमीन आत्ताच राखून ठेवावी, आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी पोरांना टेप आणि वही देऊन तिथे पाठवावे.