'शेजारी'तला तिसरा माणूस

'शेजारी'चं नाव निघालं की एकच पालुपद: हिंदू-मुस्लिम ऐक्य. १९४१ सालचा प्रभातचा सिनेमा, व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन. केशवराव दात्यांचा जिवबा आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा धरण फुटतं तेव्हा हातात हात घालून मरतात. डोळे पुसा आणि घरी जा!

आणि ओंकार? त्याला एका ओळीत का उरकता? धरण बांधायला आलेल्या या गृहस्थाला ना मिर्झाच्या नमाजशी देणंघेणं, ना जिवबाच्या देवाशी. त्याला जमीन हवी. दोघं एक असतील तोवर गाव हलत नाही, म्हणून दोस्ती मोडायची. सिनेमा त्याच्या या हिशेबाचा आहे.

बोईसर-तारापूरकडच्या माणसाला हे समजावावं लागू नये. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. सूर्या नदीवरचं धामणी धरण आपल्या जिल्ह्यात. सिंचनासाठी बांधलेल्या त्या धरणाचं पाणी आज वसई-विरारच्या नळांना जातं. तिथे कुणी कुणाचा धर्म विचारला होता का?

मिर्झाला 'चांगला मुसलमान' म्हणून मिरवणाऱ्यांचा तर मला जास्तच राग येतो. तो चांगुलपणाचा दाखला द्यायला आलेला नाही. तो गावचाच आहे, गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. आपण मात्र त्याला इफ्तारच्या फोटोतला पाहुणा करून टाकलंय. (हिंदी 'पडोसी'त हिंदू ठाकूर मझहर खान यांनी केला, मिर्झा पुन्हा जागीरदारच.)

पालघरात कुणी ऐक्याच्या कार्यक्रमात 'शेजारी' दाखवला, तर चर्चेतला पहिला प्रश्न ओंकारबद्दल विचारा.